आधीच जळलेली जागा

टिटवी: आत्या, तू गाडी वळवलीस.

आत्या: हो.

टिटवी: धूर त्याच बाजूला आहे.

आत्या: मला डोळे आहेत, टिटवे.

टिटवी: डोळे आहेत म्हणूनच विचारतेय. माणसं आगीपासून लांब पळतात. तू मागे मधमाश्यांच्या पेट्या रचून आगीच्याच अंगाने निघालीस.

आत्या: खालच्या वळणावर झाड पेटून आडवं पडलेलं पाहिलंस ना? मग खालचा रस्ता संपला.

टिटवी: वरचा आहे की. टेकडीचा माथा मोकळा दिसतोय.

आत्या: चढावर आग या गाडीपेक्षा जोरात पळते.

टिटवी: हे मात्र खरंय. शाळेत आपत्तीच्या तासाला मीच फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं, बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. आगीची धग वरचं गवत आधीच सुकवून ठेवते, म्हणून चढावर पळायचं नाही. पण माझ्या चित्रात आगीकडे जाणारी गाडी नव्हती.

आत्या: काच वर कर. हवेची जाळी बंद कर. दिवे मी लावलेत, धुरात कोणाला दिसलो तर दिसू.

टिटवी: कुठे चाललोय ते सांग, मग करते.

आत्या: आधी कर.

टिटवी: केली. सांग.

आत्या: मोठ्या खडकाजवळ. तिथली जागा जळून गेलीय. जिथलं गवत एकदा जळून गेलं तिथे आगीला पुन्हा खायला काही नसतं. मधोमध जाऊन पडायचं, आग दोन्ही बाजूंनी निघून जाईल.

टिटवी: हं.

आत्या: हं काय?

टिटवी: काही नाही, विचार करतेय. आग खालून वर येतेय. खडक अजून पुढे आहे. आग तिथे पोचलीच नाही, तर ती जागा जळली कधी?

आत्या: आधी.

टिटवी: आधी म्हणजे कधी? काल संध्याकाळपर्यंत आपण तिथेच रानपोळं उतरवत होतो. गुडघ्यापर्यंत गवत होतं, माझे पाय अजून खाजतायत.

आत्या: खड्डे आहेत, जीभ चावशील. गप्प बस जरा.

टिटवी: आत्या, सकाळी तू कुठे गेली होतीस?

आत्या: दूध आणायला.

टिटवी: आणि चहा कोरा झाला.

आत्या: संपलं होतं त्याच्याकडचं.

टिटवी: दूधवाल्याकडचं दूध संपलं. उजाडायच्या आत. बरं. आणि हाताला ते फडकं?

आत्या: तवा लागला.

टिटवी: तवा आज चुलीवर चढलाच नाही. पाव खाल्ला आपण, तोही शिळा.

आत्या: मोठी झालीस की पोलिसात जा तू.

टिटवी: जाईन की. तोवर एवढं सांग, खालच्या उतारावरच्या पेट्या दुपारी का उचलल्या? तूच शिकवलंस मला, पेट्या अंधार पडल्यावर हलवायच्या, माशा घरी परतल्या की दार लावून. आज भर उन्हात म्हणालीस, चल, आत्ताच्या आत्ता. निम्म्या माशा बाहेर होत्या, त्या मागेच राहिल्या. एरवी एक माशी राहिली तरी तुझा जीव खालीवर होतो.

आत्या: वारा फिरेल असं वाटलं.

टिटवी: वारा फिरला तर काय होणार होतं? तेव्हा आग नव्हतीच. म्हणजे मला तरी माहीत नव्हती.

आत्या: पुढचं दिसत नाहीये मला. बोलू नकोस.

टिटवी: परवा फोनवर तू जागेच्या मालकाला काय म्हणालीस ते मी ऐकलंय.

आत्या: चोरून?

टिटवी: चोरायची गरज नव्हती, शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल. त्याला या टेकडीवर हॉटेल बांधायचंय, पेट्या हलवा म्हणत होता. आणि तू म्हणालीस, "बघतेच मी, तिथे काय उभं राहतं ते."

आत्या: रागात माणूस बोलतो.

टिटवी: रागात माणूस करतोही.

आत्या: काय म्हणायचंय तुला? सरळ म्हण.

टिटवी: सरळच म्हणते. आधीच जळलेली जागा कुठे आहे हे कोणाला ठाऊक असतं? ज्याने पेटवली त्याला.

आत्या: सीटखाली हात घाल, पाण्याची बाटली असेल. दोन घोट पी.

टिटवी: विषय बदलू नकोस.

आत्या: पी आणि मग बोल. घसा सुकला तर तुझा आवाज जाईल. तुझा आवाज गेला तर मला भीती वाटेल.

टिटवी: बाटली नाहीये. पोतं आहे. आत काहीतरी कडक लागतंय.

आत्या: ते राहू दे.

टिटवी: का?

आत्या: राहू दे म्हटलं ना.

टिटवी: धुराचा डबा. आत्या, हा आपला धुराचा डबा. सकाळी मी विचारलं तर म्हणालीस, असेल शेडमध्ये.

आत्या: टिटवे, पोतं खाली ठेव.

टिटवी: ज्यात निखारा घालून भाता दाबायचा आणि माशांवर धूर सोडायचा, तो डबा. पोत्यात गुंडाळून माझ्याच सीटखाली. माशा शांत करायला धूर लागतो, मान्य. पण लपवायला काय कारण लागतं?

आत्या: आलो आपण. उतर.

टिटवी: मी उतरणार नाही. गाडीत काचा लावून खाली वाकून बसायचं, हेही शिकवलंय आम्हाला.

आत्या: गाडी रिकामी असती तर मीही बसले असते. मागे मेण आहे, मध आहे, वाळकं लाकूड आहे. ही गाडी राहिली नाही आता, मेणबत्ती झालीय. इथे वळणावर सोडायची आणि चालत जायचं.

टिटवी: पेट्या सोडून?

आत्या: हो.

टिटवी: तू? पेट्या सोडून?

आत्या: दारं उघडून ठेवते, ज्यांना उडायचंय त्या उडतील. धूर लागला की माशा आधी पोटभर मध पिऊन घेतात, घर सोडायची वेळ आली तर जवळ काही असावं म्हणून. आपल्यासारख्या भांडत बसत नाहीत. सीटमागे लोकरीची पांघरुणं आहेत, ती काढ.

टिटवी: काढते. तू उघड दारं, जा.

आत्या: फोनमध्ये काय करतेस?

टिटवी: रेंज बघतेय.

आत्या: आहे?

टिटवी: एक काडी येतेय, जातेय.

आत्या: वनचौकीला कळव आपण कुठे आहोत ते. नंबर आहे तुझ्याकडे.

टिटवी: तेच करतेय.

आत्या: एवढं लिहायला इतका वेळ?

टिटवी: गेला. निरोप गेला. चल, उशीर होतोय.

आत्या: ते पोतं कशाला घेतलंस?

टिटवी: पुरावा आहे.

आत्या: आग अंगावर आलीय आणि ही बाई पुरावा घेऊन चाललीय. फेक तो.

टिटवी: तुला फेकायची घाई आहे, म्हणूनच नाही फेकणार.

आत्या: बरं, धर. पाय जपून टाक. त्या उंच झाडापासून लांब. इथे, या खोलगट भागात. बुटाने राख सरकव, गरम लागतेय का बघ.

टिटवी: कोमट आहे. सकाळची असावी. अंदाज आहे हं माझा, फक्त अंदाज.

आत्या: गाडीतून पाण्याचा कॅन आणलाय मी. पांघरुणं भिजवून घेऊ.

टिटवी: नको. ओली नकोत.

आत्या: आगीत ओलं पांघरूण नको?

टिटवी: पाण्याची वाफ होते आणि तीच भाजते. कोरडी लोकर पुष्कळ सोसते. पाणी पोटात घाल, पांघरुणावर नको. आणि ती ओढणी काढून फेक. नायलॉनची आहे, वितळून गळ्याला चिकटेल.

आत्या: आणि तुझी ती चकचकीत विजार?

टिटवी: ट्रॅकपँट म्हणतात तिला. अगं आई गं, ती पण तसलीच.

आत्या: काढ. पेट्यांवर काम करताना घालायचा सुती पायजमा आणलाय मी, हा घाल.

टिटवी: माझ्यासाठी आणलास?

आत्या: इथे तिसरं कोण आहे?

टिटवी: ढगळ आहे.

आत्या: लग्नाला चाललो नाही आपण.

टिटवी: आता ऐक. पालथं पडायचं, पाय आगीकडे, डोकं लांब. तोंड जमिनीजवळ, खालची हवा त्यातल्या त्यात थंड असते. केस आत घे. आवाज कितीही मोठा झाला तरी उठायचं नाही. माणसं नेमकी तेव्हाच उठून पळतात.

आत्या: बरं शिकवलंय शाळेत.

टिटवी: तुझं पांघरूण तुझ्यावर, माझं माझ्यावर.

आत्या: दोन्ही एकावर एक घेऊ, दोघी त्यांच्याखाली. जाड होईल.

टिटवी: मला तुझ्याजवळ पडायचं नाहीये.

आत्या: भीती आगीची वाटतेय की माझी?

टिटवी: ठरवतेय.

आत्या: लवकर ठरव. तो आवाज ऐक.

टिटवी: पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा येतोय.

आत्या: पाऊस नाहीये तो. ये.

टिटवी: येते. पण डबा आपल्या मध्ये राहील.

आत्या: राहू दे मध्ये. कडा अंगाखाली दाब. कोपर आत.

टिटवी: आत्या, खरं सांग मला. आता खोटं बोलून तुला काय मिळणार?

आत्या: माझं नाक राखेत आहे आणि हिला जबानी हवीय.

टिटवी: हवीय.

आत्या: सकाळी इथेच आले होते. रात्रभर नुसतं गडगडत होतं, थेंब नाही, मला झोप लागेना. पहाटे खिडकीतून इकडे लाल दिसलं. पाण्याचे कॅन टाकले आणि निघाले. पोचले तेव्हा एवढी जागा जळून झाली होती. आग खडकाशी आणि पाऊलवाटेशी येऊन थांबली होती. कडा धुमसत होत्या तेवढ्या विझवल्या. हात तेव्हा भाजला.

टिटवी: मग चौकीला का नाही कळवलंस?

आत्या: श्वास सांभाळ.

टिटवी: का नाही कळवलंस?

आत्या: खडकावर हा डबा होता.

टिटवी: म्हणजे?

आत्या: काल डबा कोणाच्या हातात होता?

टिटवी: माझ्या.

आत्या: पहिल्यांदा तुझ्या एकटीच्या हातात दिला. तू नाचत होतीस नुसती. आणि परत आणायला विसरलीस. मी डबा पाहिला, शेजारचं जळलेलं गवत पाहिलं, मला काय समजायचं ते समजलं. पोत्यात घातला आणि सीटखाली ढकलला. दुपार झाली तरी मन थाऱ्यावर नव्हतं, वाटत होतं पुन्हा पेटेल, म्हणून तुला आणि पेट्यांना घेऊन निघत होते. तुझ्या बापाला काय सांगायचं? सुट्टीत पोर आत्याकडे आली आणि जंगल जाळून गेली? लोक जन्मभर तेच म्हणत राहिले असते तुला.

टिटवी: तुला वाटलं मी लावली.

आत्या: डोकं खाली.

टिटवी: आणि मला वाटलं तू.

आत्या: खाली म्हणते ना. आता बोलायचं नाही. माझं बोट धर. मी दाबलं की तू दाब, म्हणजे मला कळेल.

(आग दोन्ही बाजूंनी वर निघून जाते.)

टिटवी: तू मध्येच दाबायची थांबलीस.

आत्या: तू इतकं घट्ट धरलं होतंस की बोटात जीवच राहिला नाही. पाय हलव. दोन्ही.

टिटवी: हलतायत. केस जळल्याचा वास येतोय, तुझे की माझे?

आत्या: माझे. होतेच किती. उठू नकोस अजून, कडेचं गवत जळून संपू दे.

टिटवी: उठत नाही. पण बोलते. मी डबा विसरले, हे खरंय. तो खडकावर ठेवला, गवतात नाही, हेही खरंय. आणि त्याची तोटी बंद केली होती. ओल्या गवताचा बोळा करून तोटीत घट्ट कोंबायचा, म्हणजे आत हवा जात नाही आणि निखारा आपोआप मरतो. तू काल हे इतक्या वेळा सांगितलंस की मी रात्री झोपेतही बोळे कोंबत होते.

आत्या: कोंबला होता असं सगळेच म्हणतात.

टिटवी: मग उघड पोतं. मी हात लावत नाही, नाहीतर म्हणशील आत्ताच घातला. तू उघड.

आत्या: थांब, बोटं वळत नाहीत माझी.

टिटवी: काय दिसतंय?

आत्या: बोळा आहे.

टिटवी: नीट सांग.

आत्या: तोटीत गवताचा बोळा आहे. सुकलाय, पण घट्ट बसलाय. झाकण काढलं तर धुरासाठी घातलेलं निम्मं गोणपाट आत तसंच आहे, न जळलेलं. निखारा कालच मेलाय.

टिटवी: हे तू सकाळी पाहिलं नाहीस?

आत्या: अंधार होता.

टिटवी: अंधार गेल्यावर?

आत्या: नाही पाहिलं. बघावंसं वाटलंच नाही. मला माहीत होतं ना.

टिटवी: मलाही माहीत होतं. तू पेट्या सोडून चालू लागलीस तेव्हा क्षणभर वाटलं, आग लावणारी बाई असं करणार नाही. मग म्हटलं, हीच तर हिची चलाखी.

आत्या: डोकं चालतं तुझं. भलतीकडे, पण चालतं.

टिटवी: आणि मालकाला जे म्हणालीस ते?

आत्या: जागेचा करार घेऊन कचेरीत जाणार होते. काड्यापेटी घेऊन नाही.

टिटवी: मग आग लावली कोणी?

रखवालदार: खडकाजवळ कोण आहे? आवाज द्या.

आत्या: इकडे. आम्ही दोघी. चालता येतंय आम्हाला.

रखवालदार: मी वनचौकीवरचा. तिथेच थांबा, मी येतो. त्या उंच झाडाखालून येऊ नका, मुळं आतून पेटलेली आहेत, कधीही कोसळेल. पाणी घ्या आधी. सावकाश. पोरीला द्या.

टिटवी: आधी तिला.

रखवालदार: काळ्या जागेत शिरलात म्हणून वाचलात. माथ्याकडे पळाला असतात तर मला आवाज द्यायला कोणी उरलं नसतं.

आत्या: खाली वस्ती आहे. तिथे काय?

रखवालदार: ओढ्यावर अडवलीय. सगळे बाहेर काढलेत. तुमची गाडी मात्र एका बाजूने गेली, पेट्याही बऱ्याच गेल्या. पण पलीकडे खडकाच्या कपारीत माशांचा हा एवढा घड लटकलाय. मी लांबून वळसा घालून आलो.

आत्या: पोटं भरलेली असतील त्यांची. चावायच्या नाहीत.

रखवालदार: ते तुम्हाला माहीत. मला नाही.

टिटवी: काका, ही आग सुरू कुठून झाली?

रखवालदार: ते काय समोर, ते झाडच. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सालीची पट्टी सोललेली दिसतेय? वीज. रात्री पाऊस न आणता पडली. गवत जळून थांबलं, पण मुळात निखारा राहिला. तो जमिनीखालून सरकत पाऊलवाटेच्या पलीकडे, खालच्या उतारावर निघाला. दुपारी वारा फिरला आणि सगळं पेटलं.

आत्या: मुळात.

रखवालदार: ती वरून पाणी मारून विझत नाही, खणावी लागते. कोणी सकाळीच कळवलं असतं ना, तर आम्ही चौघं कुदळी घेऊन आलो असतो आणि जेवायला घरी गेलो असतो.

आत्या: हो.

रखवालदार: बरं, तुमच्यापैकी निरोप कोणी पाठवला?

टिटवी: मी.

रखवालदार: त्यामुळेच नेमकं कुठे यायचं ते कळलं. पुढचं वाचून मात्र मी दोन माणसं जास्तीची आणली, ती खाली वळणावर उभी आहेत. वाचू?

टिटवी: नको.

आत्या: वाचा.

रखवालदार: "मोठ्या खडकाजवळच्या जळलेल्या जागेत दोघी आहोत. आग हिनेच लावलीय असं वाटतं. मला काही झालं तर हिला सोडू नका."

आत्या: "हिनेच".

टिटवी: आत्या.

आत्या: नुसतं "हिनेच". आत्या लिहायला असा कितीसा वेळ लागतो?

टिटवी: रेंज जात होती.

आत्या: हं.

रखवालदार: तर ती बाई कुठेय?

टिटवी: तसली बाई इथे कोणी नाही.

रखवालदार: मग मला वर काय कळवायचं ते नीट सांगा. आग विजेची, ते झालं. पण या कडेला राखेचे ओले गोळे दिसतायत. सकाळी कोणीतरी पाणी ओतून गेलंय.

आत्या: मी. आणि कळवलं नाही, तेही सांगा. मला वाटलं, माझ्या भाचीने लावलीय.

टिटवी: आणि मला उलटं वाटलं. दोन्ही सांगा.

रखवालदार: वाटलेलं वर कोणी विचारत नाही हो. झालेलं सांगायचं असतं. सकाळी विझवायचा प्रयत्न केला, हिने. बरोबर?

टिटवी: "हिने" नको.

रखवालदार: मग काय सांगू?

टिटवी: माझ्या आत्याने.